टाकी दाराच्या डोक्यावर

माझ्या लग्नाला आठ दिवस झाले होते. मी स्वयंपाकघरात भांडी विसळत होते आणि मागच्या अंगणात बहीण-भावाचं भांडण चाललं होतं. भाऊ म्हणजे आमचे हे, होड्या दुरुस्त करणारे सुतार. बहीण म्हणजे त्यांची थोरली बहीण, माझ्या नणंद, मी त्यांना वन्सं म्हणत असे. मधे लाकडी भिंत होती, पण तिला फटी एवढ्या की कान लावायची गरज नव्हती.

सुतारांनी कामावरून हिरव्या रंगाचा अर्धा डबा आणला होता. घरात नवं माणूस आलंय, तर मागचं दार जरा रंगवू, असा त्यांचा बेत.

"दार पांढरंच राहील," वन्सं म्हणाल्या.

"का पण? चांगला रंग आहे, उगाच वाळून जाईल."

"तुझी खाट रंगव. तुझी पेटी रंगव. स्वतःला रंगवून घे. मागच्या दाराला हात लावायचा नाही."

"ताई, घर माझं, दार माझं."

"आतून तुझं. बाहेरून ते माझ्या कामाचं आहे."

"नव्या माणसासमोर माझी जरा तरी किंमत ठेव."

"मग आतून हिरवं करून दे तिला. मी काय आत बघायला येते?"

मग डब्याचं झाकण ठोकून बसवल्याचा आवाज आला. दार पांढरंच राहिलं, आणि मी मनाशी समजून गेले की या घरात आपलं काही खरं नाही. जी बाई सख्ख्या भावाला दाराचा रंग ठरवू देत नाही, ती मला चहात साखरसुद्धा विचारून घालायला लावणार. पुढे तीन महिने 'वन्सं' म्हणताना मी मनातल्या मनात पुढे एक शब्द जोडत असे, तो इथे लिहीत नाही. तीन महिने अशासाठी, की दाराचं कारण काय ते मी कुणाला विचारलंच नाही. विचारलं असतं तर तीन मिनिटांत कळलं असतं.

आमचं बंदर लहान. एक दगडी धक्का, त्याला एका वेळी दहा-बारा होड्या लागतील एवढाच. मासे धरणाऱ्यांच्या जागा ठरलेल्या. पण शिडाच्या होड्या घेऊन हौसेनं फिरायला निघालेली माणसं दुपारनंतर एकामागून एक यायची, एका रात्रीपुरती जागा मागायची आणि सकाळी निघून जायची. त्यांना जागा दाखवायचं काम आधी माझ्या सासऱ्यांकडे होतं. सासऱ्यांचे गुडघे गेले तेव्हा त्यांची मुलगी चार दिवस वल्ही मारायला म्हणून गेली आणि एक्केचाळीस वर्षं तिथेच राहिली. बंदराची कचेरी दर वर्षी तिच्या कागदावर 'तात्पुरती' असं लिहायची. सहा साहेब बदलले, तात्पुरती बाई तीच. सगळं बंदर त्यांना आत्या म्हणायचं, पांढऱ्या दाढीचे म्हातारेसुद्धा.

जागा दाखवणं म्हणजे बोट करून 'तिकडे लावा' म्हणणं, असं मला वाटायचं. तसं नव्हतं. धक्क्याची जागा भरली की एका होडीच्या कुशीला दुसरी, दुसरीच्या कुशीला तिसरी अशा बांधाव्या लागत. आता सगळ्यात आतली होडी पहाटे निघणार असेल, तर बाहेरच्या सगळ्यांना अंथरुणातून उठवायची वेळ येते आणि सकाळी सकाळी तोंडातोंडी होते. म्हणून वन्सं प्रत्येकाला विचारायच्या, "सकाळी कधी निघणार?"

"पाचला," एक तरुण जोडपं एकदा छाती पुढे काढून म्हणालं. वन्संनी त्यांच्याकडे पाहिलं, होडीत पसरलेल्या गाद्यांकडे पाहिलं, आणि त्यांना सगळ्यात आत, धक्क्याला चिकटून बांधलं.

मी डबा द्यायला गेले होते. म्हटलं, "अहो, ते पाचला निघणार ना?"

"ज्याला पाचला निघायचंय तो आधी भरती कधी ते विचारतो. यांनी चांगलं जेवण कुठे मिळतं ते विचारलं."

दुसऱ्या दिवशी साडेनऊला मी गेले तर ते जोडपं दात घासत होतं.

धक्क्याला जागा नसली की मग नांगर टाकून पाण्यातच राहायचं. खरं कसब तिथे. पाणी वरून सगळीकडे सारखंच दिसतं, पण तळ सारखा नसतो. कुठे घट्ट चिखल, त्यात नांगर रुतला की होडी निर्धास्त. कुठे गवत, त्यावरून नांगर घसरत जातो. वन्संकडे लांब दोरीला बांधलेला एक शिशाचा गोळा होता, त्याला खालून खळगा. त्या खळग्यात ओला साबण दाबून बसवायच्या, गोळा तळाला सोडायच्या आणि वर ओढायच्या. खाली जे असेल ते साबणाला चिकटून वर यायचं. चिखल तर चिखल, गवत तर गवत. वादळ होऊन गेलं की तळ बदलतो म्हणायच्या, आणि चार-चार दिवस हाच उद्योग. आमच्या घरात कधी साबण पुरला नाही. मुलं बिनसाबणाची आंघोळ करून शाळेत गेली आहेत, पण समुद्राचा तळ आमच्या घरानं स्वच्छ ठेवला.

एकदा त्या मला होडीतून घेऊन गेल्या. बंदराच्या मधोमध वल्ही उचलून धरली आणि म्हणाल्या, "मागे वळ. काय दिसतं?"

"आपलं घर."

"घरात काय?"

"पांढरं दार."

"त्याच्या वर, टेकडीवर?"

"पाण्याची टाकी."

"टाकी बरोबर दाराच्या डोक्यावर आहे का?"

होती. टोपी घातल्यासारखी.

"मग तू चिखलावर आहेस. इथून उजवीकडे तीस पावलं गेलीस की गवत. पाण्यावर खूण करता येत नाही गं, म्हणून जमिनीवरची धरायची. येणाऱ्याला मी एवढंच सांगते, टाकी दाराच्या डोक्यावर आली की नांगर टाका. आता दार हिरवं केलं असतं तर झाडीत दिसलं असतं का?"

पुढे जोडायचा तो शब्द मी त्या दिवशी पाण्यात टाकला.

नुसतं रेषेवर सोडून त्या परतत नसत. नांगर टाकला की होडीला थोडं मागे रेटायला लावायच्या, साखळी ताणली की आपली होडी जवळ नेऊन साखळीवर तळहात ठेवायच्या. डॉक्टर नाडी बघतो तसा, डोळे मिटून. साखळी गप्प असली म्हणजे नांगरानं धरलं. थरथरली म्हणजे तो खाली खरवडत चाललाय. मोठमोठे टोपीवाले कप्तान तेवढा वेळ श्वास रोखून उभे राहायचे, जणू निकाल लागायचाय. "झोपा आता," असं आत्या म्हणाल्या की रात्र त्यांची.

वन्सं अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या तेव्हाची गोष्ट. आमचं मागचं दार दमट हवेनं फुगून बसलं होतं. एके सकाळी सुतारांनी ते बिजागऱ्यांतून काढलं, खालून रंधा मारला, आणि काढलंच आहे तर एक हात देऊ म्हणून रंगवलं. पांढरंच. वन्संचा हुकूम मोडायची आमची काय बिशाद. ओलं दार ठेवायचं कुठे? चौकटीपाशी सावली. मी म्हटलं, "लाकडांच्या खोपीला टेकवा, तिथे संध्याकाळपर्यंत ऊन असतं." खोप वीस पावलांवर. सुतारांनी दार तिथे उभं केलं, ओली बाजू बाहेर, समुद्राकडे तोंड करून. उघड्या चौकटीला मी एक मळखाऊ चादर लावली आणि मोठं काम केल्यासारखी आत गेले. वन्सं उजाडताच कामावर गेलेल्या, त्यांना यातलं काही माहीत नाही. धक्क्यावरून आमच्या घराची मागची बाजू दिसत नाही, पाण्यात गेल्यावरच दिसते.

दुपारी निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको अशी दोघं आली. सात वर्षं खपून स्वतःच्या हातांनी बांधलेली होडी. वन्सं धक्क्यावर दोन मोठ्या होड्यांचे दोर एकमेकांत गुंतले होते ते सोडवत होत्या. त्यांनी तिथूनच ओरडून सांगितलं, "टाकी दाराच्या डोक्यावर आली की टाका. मी आलेच मागून." आणि दोर सुटेसुटेतो अंधारून आलं. वारा नव्हता. पाणी शांत. त्या गेल्या नाहीत, पुढच्या दारानं घरी येऊन झोपल्या.

पहाटे वारा उठला. मास्तरांची होडी घसरत घसरत दगडी बांधावर आपटली. सुकाणू तुटलं, मागची फळी फुटली. माणसं सुखरूप, पण मास्तरांची बायको घोंगडी पांघरून धक्क्यावर उभी होती आणि सारखी एकच विचारत होती, "आम्ही बरोबर जागीच टाकला होता ना?"

साहेब नवे होते, चष्मेवाले, सगळं आकड्यांत मांडणारे. वाईट माणूस नव्हता. ते म्हणाले, "आत्याबाई, तुम्ही त्यांना गवतावर थांबवलंत. वय होतं, नजर कमी होते, यात लाज नाही. उद्यापासून कचेरीत बसा, येणाऱ्यांची नावं लिहा. पाण्यात दुसरं कुणी जाईल."

वन्सं वाद न घालता घरी आल्या. हे मला जास्त लागलं. वाद घालणाऱ्या बाईनं वाद घातला नाही म्हणजे काहीतरी मोडलंय. पुढच्या पायरीवर बसून म्हणाल्या, "माझ्या रेषेवर आजवर कुणी सरकलं नव्हतं. म्हणजे काल मी उलटंच काहीतरी सांगितलं असणार. बाबांचं शेवटी असंच झालं होतं. आधी डावं-उजवं गेलं, मग माणसं."

काम जाईल याची त्यांना भीती होतीच, पण तिच्याखाली ही दुसरी होती. चहा ठेवला तर तो तसाच गार झाला.

त्याच दुपारी सुतार म्हणाले, दार वाळलं, बसवून टाकू. एक टोक त्यांनी धरलं, एक मी. खोपीपासून चौकटीकडे निघालो आणि अंगणाच्या मधोमध माझे पाय थांबले.

"आता काय झालं?" सुतार म्हणाले.

"हे काल दुपारी कुठे होतं?"

"खोपीला. तूच सांगितलंस."

"पांढरं."

"मग काय, पांढरंच. चांगला जाड हात दिलाय, लांबून चमकत..." आणि त्यांनीही हातातलं टोक हळूच खाली ठेवलं.

मी पायरीपाशी जाऊन सगळं सांगितलं. मास्तरांची होडी माझ्या उन्हाच्या हौसेनं फुटली होती, आणि शिक्षा या बाईला झाली होती. वन्संनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "रंगवलेली बाजू कुठे होती?"

"समुद्राकडे."

त्या उठल्या, खोपीपर्यंत चालत गेल्या, पावलं मोजली. "इथे वीस पावलं म्हणजे रेष फाकत जाऊन पाण्यावर चाळीस. सरळ गवतात." मग परत येऊन गार झालेला चहा एका घोटात प्यायल्या. "म्हणजे माझं डोकं जागेवर आहे."

"दारच जागेवर नव्हतं," सुतार म्हणाले. त्यावर त्यांनी भावाकडे असं पाहिलं की तो पुढे आठवडाभर विनोद करायला धजला नाही.

मी कचेरीत गेले. आयुष्यात पहिल्यांदा. पदर कुठे ठेवावा कळेना, पण बोलले. साहेब हसले. "बाई, दारामुळे होडी घसरली असं मी वर कसं लिहू?"

"लिहू नका," मी म्हटलं. "बघायला या."

ते आले, याबद्दल मी त्यांना आजही मानते. होडीत वन्सं, साहेब आणि साक्षीदार म्हणून मी. काठावर सुतार दारापाशी उभे. ठरलं असं, की वन्संनी एकदा रुमाल हलवला की दार खोपीला न्यायचं, पुन्हा हलवला की परत आणायचं. आधी दार चौकटीला नुसतं टेकवलेलं होतं. वन्संनी टाकी दाराच्या डोक्यावर आणली आणि साहेबांच्याच हातात शिशाचा गोळा दिला. वर आला तो काळा चिखल घेऊन. मग रुमाल हलवला. काठावर आमचे सुतार दार पाठीवर घेऊन चालू लागले. लांबून दाराला पाय फुटल्यासारखं दिसत होतं. खोपीपाशी गेले आणि तेवढ्यात साहेबांनी घाम पुसायला स्वतःचा रुमाल काढला. सुतार वळले आणि दार घेऊन परत चौकटीकडे. वन्सं तोंडातल्या तोंडात भावाला काय म्हणाल्या ते साहेबांनी ऐकलं नाही असं दाखवलं. तिसऱ्या खेपेला दार खोपीला लागलं.

"आता तुम्हीच सांगा वल्ही कुठे मारू," वन्सं म्हणाल्या. "टाकी दाराच्या डोक्यावर आणा."

साहेबांनी चष्मा सारखा केला. "थोडं उजवीकडे. अजून. अजून थोडं. हं, आली."

गोळा सोडला, ओढला. साबणाला हिरवं गवत चिकटलं होतं, बोटभर लांब. साहेब त्याच्याकडे बघत राहिले. आकड्यांच्या माणसाला आकडा हातात मिळाला होता.

"मग नावं लिहायला कचेरीत कोण बसणार?" शेवटी ते म्हणाले.

"तुमचं अक्षर चांगलं आहे," वन्सं म्हणाल्या.

मला वाटलं, सुटलो. पण वन्संनी वल्ही खाली ठेवली. "साहेब, कागदावर दाराचं लिहा, पण माझंही लिहा. मी येते म्हणाले आणि गेले नाही. साखळीवर हात ठेवला असता तर दार कुठेही असू दे, तिथल्या तिथे कळलं असतं."

"ते लिहिलं तर तुमच्या नावावर राहील."

"राहू दे. झालंय तसं लिहा."

तसंच लिहिलं गेलं. मास्तर आणि त्यांची बायको होडी नीट होईपर्यंत आमच्याकडे राहिले. वन्संनी पहिल्याच संध्याकाळी त्यांच्यासमोर बसून सगळं सांगितलं, एक शब्द गाळला नाही. माझ्या उन्हाचं मात्र 'घरात दुरुस्ती चालली होती' एवढ्यावर भागवलं. मी मधे बोलायला गेले तर टेबलाखालून माझा पाय दाबला. सुतारांनी नवं सुकाणू घडवलं. मास्तर शेजारी उभे राहून लाकूड कसं तासावं ते त्यांना इतकं समजावून सांगायचे की नऊ दिवसांचं काम सहा दिवसांत संपलं.

साहेबांनी पुढे खोपीच्या अलीकडे दोन लोखंडी खांब एकामागे एक रोवून घेतले, लाल-पांढरे. आता खूण करायला आमचं दार लागत नाही. सुतारांनी त्याच महिन्यात दार हिरवं केलं. वन्संनी रंग हातानं चाचपला आणि म्हणाल्या, "एक हात कमी पडलाय."

त्या दिवसापासून वन्संची एक खेप वाढली. जागा दाखवून, साखळी बघून आल्या तरी उजेड जायच्या आधी पुन्हा एकदा निघायच्या आणि नांगरावर असलेल्या प्रत्येक होडीपाशी जाऊन साखळीवर हात ठेवायच्या. दहा होड्या असोत की एक. तेरा वर्षांत ही खेप चुकल्याचं मला आठवत नाही. ताप असला तरी जायच्या, आणि मी बडबडले की म्हणायच्या, "मी काय वल्ही तोंडानं मारते?"

एकाहत्तराव्या वर्षी त्या झोपेतच गेल्या. त्याच्या आदल्या दिवसाचं सांगते.

दुपारी एकच होडी आली. एकटी बाई होती, चाळिशीची, उन्हानं रापलेली. वन्संनी तिला खांबांच्या रेषेवर नेलं, मागे रेटायला लावलं, हात ठेवला, "झोपा आता" म्हणाल्या आणि घरी आल्या. जिना चढताना कठड्याला धरून थांबल्या. मी म्हटलं, "आज राहू द्या ना वन्सं. एकच होडी, पाणी तेलासारखं आहे. शिवाय बाई जाणती दिसते."

"जाणती आहे."

"मग?"

"मग काही नाही. चपला कुठे टाकल्यास माझ्या?"

मी चपला दिल्या. मागच्या अंगणाच्या अगदी टोकाला, जिथून धक्काही दिसतो, उभी राहून बघत होते. त्या धक्क्याच्या पायऱ्या उतरल्या, नेहमीपेक्षा जरा सावकाश. होडी सोडली. वल्ही एका लयीत पडत होती, उचलून टाकल्यासारखी नाही, ठेवल्यासारखी. होडीतली बाई डेकवर कांदा चिरत बसली होती. तिनं मान वर करून काहीतरी विचारलं, बहुतेक काही बिघडलं का असं. वन्संनी हातानंच 'नाही' म्हटलं, होडी साखळीपाशी नेली, वाकल्या, तळहात ठेवला. बाईची सुरी थांबली. दोघी तशाच राहिल्या, मला शंभर मोजता आले असते एवढा वेळ. मग वन्संनी हात उचलून पदराला पुसला, बाईला काहीतरी सांगितलं, बाई हसली आणि पुन्हा कांदा चिरू लागली. वन्सं परत आल्या, पायऱ्यांशी होडी लावली, दोराचे दोन वेढे कड्याभोवती घेतले, ओढून बघितले आणि वल्ही खांद्यावर टाकून चढावाला लागल्या.